भालेरावांचा सांधा

भालेरावांनी माझ्या चकलीला व्हर्नियर लावला, तेव्हा मी त्यांच्यापुढचं ताट उचलून घरी आणलं.

दिवाळीचे दिवस होते. शेजारी एकटा राहतो म्हणून चार चकल्या, दोन लाडू घेऊन गेले होते. माणसानं खावं, बरं झालंय म्हणावं, नसेल झालं तर गप्प बसावं. यांनी खिशातून ते मोजायचं लोखंडी हत्यार काढलं, चकलीला चिमटा काढल्यासारखं लावलं आणि म्हणाले, "सगळ्यांची जाडी सारखी आहे, वहिनी. रेडिमेड दिसते."

सोऱ्या दाबून माझा खांदा दोन दिवस दुखत होता. मी म्हटलं, "सोऱ्याची चकती एकच आहे, भालेराव. दर चकलीला नवी बसवू का?"

दुसऱ्या दिवशी ती चकती मागायला दारात हजर. संध्याकाळी परत दिली, तेव्हा तिच्या चांदणीचं एकेक टोक कानशीनं घासून काढलेलं होतं. तेव्हापासून माझ्या चकलीला काटे चांगले येतात, हे खरं. पण माफी काही त्यांनी मागितली नाही.

आम्ही खडकीत एकाच मजल्यावर राहतो, मधे एक भिंत. आमचे हे आणि भालेराव एकाच कारखान्यात होते, म्हणून मी वहिनी. भालेराव टूलरूमला. दुसऱ्यांनी केलेल्या वस्तूत केसाएवढा फरक असला तरी तो शोधायचा आणि वस्तू परत पाठवायची, हे काम पस्तीस वर्षं केलं. नोकरी सुटली, खोड सुटली नाही. इडलीचं विकतचं पीठ असो की तयार शर्ट, त्यांचं एकच वाक्य: "रेडिमेड म्हणजे दुसऱ्याची चूक विकत घेणं." स्वतःची कवळीसुद्धा त्यांनी दोनदा कानशीनं घासली. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी हात जोडले.

बायको, सुमनताई, गेल्यावर त्यांनी घरात रेल्वे मांडली. खेळण्यातली म्हटलेलं चालत नाही, मॉडेल म्हणायचं. जेवायचं टेबल रेल्वेला दिलं आणि स्वतः ओट्यापाशी उभे राहून जेवतात. त्या टेबलावर रूळ सरळ जातात तोवर ठीक. पण एका रुळावरची गाडी दुसऱ्या रुळावर न्यायची, तर मधे सांधा लागतो. सांध्यात सरकणारी दोन पाती असतात, आणि रूळ एकमेकांना छेदतात तिथे एक टोकदार नाक असतं. नाकाशेजारी चाकाची कड जायला फट ठेवतात. ती जरा चुकली की गाडी पडते.

चौथी शिकलेल्या बाईला हे कसं ठाऊक, असं कोणी विचारेल. सात महिने मी दुसरं काही ऐकलेलं नाही. सात महिने हा माणूस एकच सांधा घासत होता. रोज दुपारी दोन ते चार, माझ्या निजायच्या वेळेला. खर्र, खर्र. मी लाटण्यानं भिंत ठोकायची. गप्प बसायचं सोडून ते पलीकडून तीनदा ठोकायचे आणि पुन्हा खर्र.

रविवारी मुलगा यायचा. अविनाश, खराडीला नोकरीला. खुर्ची ओढून बापाशेजारी बसायचा. तो रूळ धरायचा, भालेराव कथलाचा डाख लावायचे. "हललास." "नाही हललो." "हललास म्हणतो ना." बापलेकाच्या गप्पा म्हणजे एवढ्याच, पण त्या दोन-अडीचपर्यंत चालायच्या. मग दोघं ओट्यापाशी उभे राहून जेवायचे.

आणि अवीनं एक खोका मागवला. कुरिअरवाला आला तेव्हा भालेराव बँकेत होते, म्हणून तो मीच घेतला. रविवारी अवीनं तो उघडला. सांध्याचे सगळे तुकडे तयार. नाक ओतलेलं, पाती घासलेली.

"बाबा, डोळे जातील तुमचे. हे फक्त जोडायचं. एका दिवसात होईल."

भालेराव खोक्याकडे मेलेला उंदीर बघावा तसे बघत होते. म्हणाले, "मग दुसऱ्या दिवशी काय करू?"

अवी हसला. मीही हसले. सात महिन्यांनी दुपारची झोप मिळणार म्हणून मला तर पोराचा मुका घ्यावासा वाटला.

गुरुवारी वाटीभर उसळ द्यायला गेले. सांधा जोडून झालेला. इंजीन त्यावरून तेल लावल्यासारखं जात होतं, येत होतं. भालेराव मात्र सुतक असल्यासारखे बसलेले.

"चूकच नाही हो यात, वहिनी," ते म्हणाले. "सगळीकडे मोजलं."

पण रविवारी अवीसमोर इंजीन पडलं. पुढच्या रविवारीही पडलं, त्याच्या पुढच्याही. अवी टेबलाला गाल लावून, बॅटरीच्या उजेडात फट बघतोय आणि भालेराव मागे उभे राहून सुनावतायत, "घेतलीस ना दुसऱ्याची चूक विकत?" दोन वाजेपर्यंत शोधाशोध, मग जेवण. निघायच्या आधी कसाबसा दोष सापडायचा. आठवडाभरात तो परत उगवायचा.

एका शनिवारी संध्याकाळी माझी वाटी आणायला गेले आणि चोर सापडला. भालेराव बोटभर स्क्रूड्रायव्हरनं नाकाशेजारची पट्टी फटीत सरकवत होते. केसभर.

"बोलू नका, वहिनी."

मी का नाही बोलणार? मला लबाडीचा संताप आहे. म्हटलं, जन्मभर लोकांच्या चुका पकडल्यात, आणि आता स्वतः बिघाड करून ठेवता? तोही पोटच्या पोराला फसवायला? सरळ सांगा त्याला, दर रविवारी येत जा म्हणून.

"सांगितलं तर येईल तो," भालेराव म्हणाले. "पण येऊन करेल काय? माझ्याकडे बघत बसेल?"

इथे मी थांबायला हवं होतं. पण जिभेला हाड नाही. सुमनताई असत्या तर त्यांना लाज वाटली असती, असं म्हणाले आणि वाटी घेऊन निघाले. जाताना पाहिलं, त्यांनी पट्टी परत जागेवर सरकवली आणि स्क्रूड्रायव्हर डबीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी पोहे घेऊन गेले, तर अवी खुशीत. "काकू, वीस फेऱ्या झाल्या. एकदाही पडली नाही." साडेदहासुद्धा वाजले नव्हते. त्यानं हात पुसले, खुंटीवरचं हेल्मेट काढलं. "निघतो बाबा. काही अडलं तर फोन करा."

"हो हो. नीघ. नंतर ट्रॅफिक लागेल," भालेराव म्हणाले. मग व्हर्नियर काढला आणि टेबलाची कड मोजायला लागले. टेबलाची कड कोण मोजतं?

मला इतका राग आला की तो कोणावर, हेच कळेना. या हट्टी म्हाताऱ्यावर, त्या हेल्मेटवर, की आदल्या दिवशी इथे प्रवचन झोडून गेलेल्या बाईवर. अवीला म्हटलं, "पोहे खाल्ल्याशिवाय हलायचं नाही. लिंबू आणते."

घरी गेले. लिंबू घेतलं. मिसळणाच्या डब्यातून मोहरीचा एक दाणा घेतला, तो नखात धरला. परत येऊन टेबलावर वाकले. "केवढी धूळ ही," म्हणत पदर फिरवला आणि दाणा नाकाशेजारच्या फटीत बसवला. मग म्हटलं, "मी कुठे पाहिली रे गाडी? एकदा चालव."

इंजीन आलं, उचललं गेलं आणि कुशीवर आडवं झालं.

अवी वाकला. टाचणीनं दाणा काढला, बोटावर घेतला. बशीतल्या पोह्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी डोळे वटारले. त्यानं दाणा तोंडात टाकला, चावून खाल्ला आणि हेल्मेट खुंटीला अडकवलं.

"नाकच सदोष आहे, बाबा," तो म्हणाला. "हे काढूनच टाकू. आपण हातानं करू."

"मी पहिल्यापासून काय सांगत होतो?" भालेराव म्हणाले आणि कानस शोधायला उठले. त्या नाकाला त्यांनी व्हर्नियर लावला नाही. पोटात जाणारी चकली न सोडणारा माणूस, पण मोजून बघू असं म्हणाला नाही.

म्हणून पुन्हा रोज दोन ते चार खर्र, खर्र. आज तिसरा महिना. माझी झोप गेली ती गेली. मी लाटण्यानं भिंत ठोकते. पलीकडून तीन ठोके येतात.

रविवारी सहा येतात.