कधीही म्हणजे नक्की किती वाजता?

बबनराव लोकांना खुर्चीवरून उठवायचे. हेच त्यांचं काम होतं आणि त्याचाच त्यांना पगार मिळायचा.

सकाळी सगळे स्थिरस्थावर झाले की ते आमच्या हॉलमध्ये येत. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, गळ्यात शिट्टी. एकेका खुर्चीपाशी थांबत, बसलेल्या माणसाकडे न बघता खुर्चीकडेच बघत आणि विचारत, "काल कुठं व्हता?" माणूस गडबडला की समजायचं, तो कालही तिथंच होता.

"उठा. लवा जरा."

चाकणच्या पट्ट्यात आमची कंपनी गाड्यांच्या सीट बनवते. रोज ट्रक भरभरून सीट बाहेर जातात आणि आत ऑफिसात एकालाही स्वतःची अशी जागा नाही. मी सहसा कुणाला काही बोलत नाही, पण एकदा धीर करून हे बबनरावांना म्हटलं. ते अजिबात हसले नाहीत.

"हलवाई आपली मिठाई खातो का, मॅडम?"

ते मूळचे टाइम ऑफिसचे. सगळी हयात गेटजवळच्या खिडकीत गेली. कोण वेळेवर आलं, कोण उशिरा, कुणाचा हाफ डे, कुणाचा ओव्हरटाइम. मग गेटवर चेहरा ओळखणारं यंत्र आलं. माणूस समोर उभा राहिला की ते टुंग वाजतं आणि हजेरी लागते. बबनराव काही दिवस त्या यंत्राच्या शेजारी उभे राहिले. टुंग वाजलं की स्वतःही "हां, जा" म्हणायचे. पण नुसतं "हां, जा" म्हणायला माणूस ठेवणं कंपनीला परवडेना. त्यांना लवकर निवृत्ती देण्याचं घाटत होतं.

नेमकी त्याच सुमाराला वरून नवी योजना आली. पांढरे बूट घातलेला एक प्रशिक्षक आला आणि आम्हाला सांगून गेला, की आता ठरलेली टेबलं नाहीत, विभागांच्या भिंती नाहीत, ठरलेली वेळ नाही. जो तो हवा तिथं बसेल, सोयीनं येईल, एकमेकांकडून शिकेल. इंग्रजीत त्याला फ्लेक्सिबल म्हणाले. मराठी परिपत्रकात 'लवचिक' असं छापून आलं. हे सगळं बघायला कुणीतरी हवं होतं, आणि रिकामे फक्त बबनराव होते. प्लँट हेड साहेबांनी त्यांना बोलावून स्पष्टच सांगितलं, "बबनराव, हेड ऑफिसच्या मॅडम बघायला येणार आहेत. तोवर हे जमलं तर तुम्ही राहिलात. नाही जमलं तर घरी."

लवचिकपणा राबवायचं काम अशा रीतीनं पंचक्रोशीतल्या सर्वांत ताठ माणसाकडे आलं.

त्यांचा त्या शब्दाचा अर्थ सरळ होता. "लवचिक म्हंजे लवायचं. जो लवत न्हाई त्याला लववायचं." पहिल्याच दिवशी त्यांनी वेळेचा प्रश्न हाती घेतला. परिपत्रकात लिहिलं होतं, सकाळी कधीही या.

"कधीही म्हंजे नक्की किती वाजता?" त्यांनी अकाउंट्सच्या सोनटक्क्यांना विचारलं.

सोनटक्के लातूरकडचे. "कधीबी, बबनराव. मनाला यील तवा."

"मन किती वाजता येतंय तुमचं?"

सोनटक्क्यांनी सुटका व्हावी म्हणून साडेनऊ सांगितलं. दुसऱ्या दिवशी बस लवकर पोचली तर बबनरावांनी त्यांना गेटबाहेर थांबवून ठेवलं. आम्ही सगळे आत जात होतो आणि सोनटक्के डबा छातीशी धरून उभे.

"अहो, मी आलोय की! हितं उभा ऱ्हाऊन काय करायलोय मी?"

"तुमचं कधीही अजून झालं न्हाई," बबनराव म्हणाले.

खुर्च्यांचं तर विचारू नका. काल बसलेल्या जागी आज बसायचं नाही, कालच्या शेजाऱ्याशेजारी आज बसायचं नाही, असे त्यांनी मोकळेपणाचे कडक नियम केले. मला खांबामागची जागा आवडायची. तिथून सगळे दिसतात आणि आपण कुणाला दिसत नाही. बबनरावांनी मला तिथून उठवून भर हॉलच्या मधोमध, प्रिंटरशेजारी बसवलं.

"खांबाला कंपनी पगार देत न्हाई, मॅडम. त्याला सोबत कशाला?"

खुद्द प्लँट हेड साहेबही सुटले नाहीत. दोनदा उठवल्यावर ते लॅपटॉप घेऊन जे निघाले ते डिस्पॅचच्या शेडमध्ये जाऊन, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या एका ड्रायव्हर सीटवर बसून मीटिंग घेऊ लागले. हलले की प्लास्टिक करकरायचं. ऑनलाइन आलेल्या लोकांना वाटायचं, नेटवर्क खराब आहे.

योजनेचा दुसरा भाग म्हणजे बुधवारची जोडी. दर बुधवारी जेवणानंतर चिठ्ठ्या टाकून दोघादोघांच्या जोड्या लावायच्या आणि प्रत्येकानं दुसऱ्याला आपलं काम शिकवायचं. बबनराव शिट्टी वाजवून सुरू करत आणि शिट्टी वाजवून थांबवत. शिकवणारा वाक्याच्या मध्यात असला तरी.

एका बुधवारी सोनटक्के आणि शिलाई विभागातल्या वैशालीताई अशी जोडी लागली. सोनटक्क्यांनी त्यांना एक्सेल शिकवलं. वैशालीताईंनी त्यांना सीटचं कव्हर शिवायला बसवलं. सोनटक्के मान मोडून शिवत होते. शिट्टी झाली, कव्हर पुढे गेलं, फोमवर चढलं आणि सीट इतर सीटांमध्ये मिसळून गेली. मग सोनटक्क्यांच्या लक्षात आलं, की गळ्यातली पट्टी आहे पण तिला ओळखीचं कार्ड नाही.

कार्ड सीटमध्ये शिवलं गेलं होतं.

अख्खी दुपार आम्ही डिस्पॅचमध्ये एकेका सीटवर बसून बघत होतो. कुठं टोचतंय का, असं एकमेकांना विचारत होतो. साहेब आधीच तिथं असल्यामुळे तेही उठून दुसऱ्या सीटवर बसले. मी आजवर ज्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते अशा माणसांनी त्या दिवशी मला "मॅडम, तुमाला टोचलं का?" असं विचारलं आणि मी "नाही हो, तुम्हाला?" असं उत्तर दिलं. शेवटी वैशालीताई एका सीटवर बसल्या आणि किंचाळल्या. त्यांनी तिथली टीप थोडी उसवून पाहिली.

"अवो सोनटक्के भाऊ, तुमचा फोटो हितं हाय की!"

साहेब चिडले होते. बबनराव मात्र प्रसन्न होते. "शिकला का न्हाई? शिकला. टीप बघा किती घट्ट घातलीय."

ते स्वतः मात्र कधीच जोडीत बसत नसत. कुणी सुचवलं तर म्हणत, "पंच खेळत नसतो."

एक गोष्ट मात्र आम्हाला कुणाला कळत नव्हती. हा माणूस नोकरीसाठी इतका जिवाचा आटापिटा का करतोय? शेजारच्या कुरुळी गावात त्यांची जुनी घरं, जमीन. कामगारांना भाड्यानं दिलेल्या खोल्यांची अख्खी रांग. मुलगा वाकडला मोठ्या सोसायटीत, आयटीत. पगारावाचून अडावं असं काहीच नव्हतं. "हाव हो, दुसरं काय," सोनटक्के म्हणायचे. पण साहेबांनी 'घरी' हा शब्द उच्चारला की बबनरावांचा चेहरा ओव्हरटाइम नाकारला गेलेल्या कामगारासारखा व्हायचा, तो हावेचा वाटायचा नाही.

हेड ऑफिसच्या मॅडम आल्या त्या दिवशी बबनरावांनी नवी शिट्टी आणली होती. मॅडम दिल्लीकडच्या, हसऱ्या. त्या हॉलमध्ये एका खुर्चीवर बसल्या, साहेबांनी माहिती द्यायला सुरुवात केली. मध्येच चहा झाला आणि मॅडम परत येऊन त्याच खुर्चीवर बसल्या.

बबनराव पुढे झाले.

"मॅडम, मघाशी हितंच व्हता. लवा जरा."

साहेबांनी डोळे मिटून घेतले. कुणीतरी मॅडमना हिंदीत अर्थ सांगितला. त्या खळखळून हसल्या, उठल्या आणि थेट सोनटक्क्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. बबनरावांनी शिट्टी फुंकली. सगळा हॉल शिस्तीत उठला आणि दुसरीकडे बसला. मॅडमनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. म्हणाल्या, इतकी उत्तम अंमलबजावणी कुठल्याच प्लँटमध्ये पाहिली नाही.

बबनरावांनी आयुष्यात पहिल्यांदाच शर्टाचं वरचं बटण सैल केलं असावं.

मग मॅडम पुढे म्हणाल्या, की हे सगळीकडे लागू करायचं तर माणसावर अवलंबून राहता येणार नाही. त्यासाठी ॲप तयार आहे. रोज सकाळी कुणी कुठं बसायचं ते फोनवर येईल. जोड्याही तेच लावेल.

योजना जमली होती, म्हणून बबनराव घरी जाणार होते.

त्यांच्या शेवटच्या बुधवारी वैशालीताई रजेवर होत्या. चिठ्ठ्या संपल्या आणि मी एकटी उरले. बबनरावांनी इकडेतिकडे पाहिलं, शिट्टी गळ्यातून काढून टेबलावर ठेवली आणि माझ्यासमोर बसले. त्यांना बसलेलं मी प्रथमच पाहत होते. खुर्चीच्या कडेवर, कुणी उठवलं तर लगेच उठता यावं अशा बेतानं.

"तुमी इंग्लिश शाळेत शिकलेल्या ना? मला एक शिकवा. आपन काय काम करतो ते इंग्लिशमधी कसं सांगायचं?"

"कुणाला सांगायचंय, काका?"

"नातीला. इरा. पाच वर्सांची हाय. तिला सगळ्यांचं काम म्हाईत हाय. बापाचं कोडिंग, आईचं डिझाइन, आज्जीचं किचन. मला इचारती, आजोबा, व्हॉट इज युवर वर्क? मी काय सांगू? आनि आता तर वाकडला त्यांच्याकडंच ऱ्हायला जायचंय. मंडळी तिथंच असती, नातीसाठी."

"मग बरंच झालं ना," मी म्हटलं.

त्यांनी टेबलावरची शिट्टी सरळ करून ठेवली. मग हजेरी वाचून दाखवावी तसं सांगू लागले. "डायनिंग टेबलावर पोराची मीटिंग. बेडरूममधी सूनबाईची. हॉलमधी नातीचा डान्सचा क्लास. मी सोफ्यावर बसलो की कॅमेऱ्यात येतो. बाबा, जरा सरकता का? सरकलो की ते झाडू मारायचं यंत्र पायाशी येतंय. गॅलरीत गेलो तर कपडे. चांगली हायेत हो पोरं. टाइम न्हाई कुनाला, एवढंच. शेवटी खाली पार्किंगमधी वॉचमनपाशी जातो. त्याच्याकडं एकच खुर्ची."

"मग कुरुळीलाच का नाही राहत?"

"कुरुळीत बसायला जागाच जागा हाय, मॅडम. बोलायला कोन न्हाई."

अशा वेळी मी कामाचं बोलते. मी सांगितलं, "असं म्हणा. आय वॉज अ टाइमकीपर."

"वॉज म्हंजे गेला ना? वॉज नको."

"मग, आय कीप टाइम."

"आय कीप टाइम," ते म्हणाले. दोनचारदा म्हणाले. आवाज वाढत गेला तशी आजूबाजूच्या जोड्या आमच्याकडे बघायला लागल्या. मी लाजून खाली पाहिलं, पण त्यांना थांबवलं नाही.

मग ते गेले. हॉलमध्ये ॲप सुरू झालं. पंधरवड्यानं ते कागदांवर सह्या करायला आले, तेव्हा माझ्याकडे येऊन उभे राहिले.

"मॅडम, तुमच्या इंग्लिशमधी कायतरी घोळ झाला."

"का, काय झालं?"

"मी म्हनलं, आय कीप टाइम. तर ती म्हनली, यू हॅव टाइम? रिअली? मी म्हनलं, येस. झालं! पळत गेली आन् बापाची मीटिंग चालू असताना वरडली, पप्पा, आजोबा हॅज टाइम! ही कीप्स इट!" बबनराव आता हळू आवाजात बोलत होते. "तिला वाटतंय, मी टाइम साठवून ठेवलाय. डब्यात लाडू ठेवावं तसा. आता शाळंतनं आली की दप्तर टाकती आन् मला हुडकत येती. गॅलरीत, पार्किंगमधी, आसंन तिथं. हात पुढं करती. गिव्ह मी सम, म्हनती."

"मग घोळ कसला, काका? बरोबरच आहे की."

"व्हय? मंग म्होरलं शिकवा. काल तिनं इचारलं, संपला तर? तिला सांगायचंय, लई हाय, पुरंल."

मी विचार करून सांगितलं, "देअर इज प्लेंटी."

त्यांनी ते जपून म्हणून पाहिलं. दारापर्यंत गेले आणि परत आले.

"लई हाय, ते त्यात आलं. पुरंल, ते आलं का?"

मी हो म्हटलं. जरा घाईनंच म्हटलं.