आधी गॅस बंद कर

दातांच्या डॉक्टरीणबाईंची कथा लिहून झाली होती, सोबत टाकायचा फोटो निवडून झाला होता, फक्त ब्लॉगच्या नावापाशी घोडं अडलं होतं. आठवडाभर त्या रुग्णांच्या दाढा कोरता कोरता मनात नावं जुळवत होत्या. जे नाव सुचावं ते कुणीतरी आधीच बळकावलेलं निघे. नवऱ्याला विचारलं, तर त्याने ‘दाताच्या कण्या’ असं सुचवलं आणि वर स्वतःच हसत बसला. त्यानंतर त्याला विचारणं बंद झालं.

बाईंना भारदस्त नाव हवं होतं. त्यांच्यासमोर रोज माणसं आ वासून बसत, पण बोलत कुणीच नसे. घरी तर त्यांच्या लिखाणाची एक ओळही कुणी वाचली नव्हती. तेव्हा निदान नाव तरी असं हवं, की वाचणाऱ्याने खुर्चीत जरा सावरून बसावं.

रविवारी सकाळी अखेर ते सापडलं: ‘निःशब्द किनारा’. शिवाय ते शिल्लकही होतं. बाई हरखल्या. पण ‘नि’च्या पुढची ती दोन टिंबं फोनवर काही केल्या उमटेनात. एकदा तर टिंबांच्या जागी फोनने हसरा चेहरा काढून दिला. शेवटी त्यांनी माइकचं बटण दाबलं, घसा खाकरला, आणि तोंड उघडणार तोच मागच्या गॅलरीतून सासूबाईंचा आवाज आला.

“आधी गॅस बंद कर.”

सासूबाईंचे दोन्ही हात ओल्या कपड्यांत होते, पण नाक मोकळं होतं. बाईंनी तापत ठेवलेलं दूध उतू जाऊन आता करपायला लागलं होतं. बाई दचकल्या, पडद्यावर जे मोठं निळं बटण दिसलं ते दाबून फोन सोफ्यावर टाकला आणि स्वयंपाकघराकडे धावल्या.

त्या ओटा पुसत होत्या तोवर फोनने आपलं काम चोख बजावलं होतं. सासूबाईंचं वाक्य त्याने शुद्ध उतरवून घेतलं, ब्लॉगला तेच नाव दिलं, आणि बाईंच्या फोनमध्ये ज्यांचे ज्यांचे नंबर होते त्या सगळ्यांना आमंत्रण धाडलं. आमंत्रणात वर बाईंचं नाव, पुढे ‘तुम्हाला बोलावत आहेत’, आणि खाली ठळक अक्षरांत ‘आधी गॅस बंद कर’.

लोकांनी आधी गॅस बंद केला आणि निघाले.

पहिल्यांदा खालच्या मजल्यावरची शेजारीण आली, हातातला झारा तसाच. पाठोपाठ नणंद आली. ती दोन गल्ल्या घरातल्या चपलांवर धावली होती आणि वाटेत रडूनही झालं होतं. आईला काय झालं, एवढंच ती विचारत होती. आई तेव्हा करपलेलं पातेलं घासत सुनेचा उद्धार करत होती, त्यामुळे तिला काही झालं नसल्याची नणंदेची लगेच खात्री पटली. मग दोन रुग्ण आले. त्यांतल्या एकाचा गाल सुजला होता. आलोच आहे तर दाढ बघून घ्या, म्हणाला. सगळ्यांत शेवटी नवरा आला, केस कापायला बसला होता तिथून उठून, गळ्यात न्हाव्याचं फडकं आणि अर्धं डोकं कापलेलं. सासरे तेवढे आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. बाहेर एवढा गलका झाल्यावर त्यांनी पान उलटलं.

बाईंनी शरमेने लाल होत सगळा प्रकार सांगितला. रागावलं कुणीच नाही, पण हललंही कुणी नाही. गॅस बंद करून एवढं धावत आलो आहोत, तर ती कथा काय आहे ते तरी कळू दे, असं नणंदेचं म्हणणं पडलं. बाईंनी कथा वाचली. एका बाईचा नवरा वर्षानुवर्षं तिचं काही ऐकून घेत नाही. एक दिवस त्याला सगळं सुनावायचंच, असं ती ठरवते, आणि अखेरीस खिडकीत उभी राहून दूरच्या किनाऱ्याकडे बघत निःशब्द होते.

वाचन संपल्यावर ऐकणारेही निःशब्द झाले. मग एकेक जण “छान आहे” म्हणत चपला शोधू लागला. दाढ काढण्याआधी बाई रुग्णाच्या तोंडात बघून असंच “छान” म्हणत, त्यामुळे त्या शब्दाची किंमत त्यांना ठाऊक होती. घर रिकामं झालं. नवरा उरलेलं डोकं घेऊन न्हाव्याकडे परत गेला.

दुपारी त्यानेच खटपट करून ब्लॉगचं नाव बदलायची जागा शोधून दिली. वहीवरून कथा फोनमध्ये उतरवण्याआधी बाईंना नाव सुधारून घ्यायचं होतं. त्या पडेल चेहऱ्याने पुन्हा ती दोन टिंबं धुंडाळायला लागल्या. तेवढ्यात सासूबाई समोर येऊन बसल्या. सकाळपासून त्या कथेबद्दल चकार शब्द बोलल्या नव्हत्या.

“नाव राहू दे,” त्या म्हणाल्या. “शेवट बदल.”

“आई, तुम्ही ऐकलीत?”

“दारातच उभी होते. अगं, सुनावते सुनावते म्हणत ती चार पानं घालवते. आम्ही आशेने ऐकतोय. आणि आयत्या वेळी जाऊन उभी राहते खिडकीत. का? बोलायला काय धाड भरली होती तिला?”

आपल्या लिखाणावर कुणी चिडलेलं बाई पहिल्यांदाच पाहत होत्या, आणि चिडणं त्यांना ‘छान’पेक्षा कितीतरी गोड लागलं. त्यांनी फोन बाजूला ठेवला आणि वही ओढली.

“मग काय बोलेल ती?”

“घे लिहून.”

सासूबाईंना क्षणभरही विचार करावा लागला नाही. वाक्यं इस्त्री करून कपाटात घडी घालून ठेवल्यासारखी एकामागून एक निघत होती, आणि प्रत्येकाची सुरुवात ‘तुम्हाला आठवत नसेल, पण’ अशी होती. बाईंचा हात भरून आला, पान संपलं, दुसरं सुरू झालं.

आतल्या खोलीत सासऱ्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, चष्मा काढला, आणि उठून आवाज न करता दार लोटून घेतलं.