रज्जाकभाईंची गोटी

आमच्या छपराची पन्हाळ रज्जाकभाईंनी बसवली आहे. पाऊस आला की पाणी पिंपात पडत नाही. ते पिंपावरून उडी मारून ओसरीवर बसलेल्या माझ्या सासूबाईंच्या मांडीवर पडतं.

वरोऱ्याला आमच्या घरासमोर त्यांचं पत्र्याच्या बादल्यांचं दुकान आहे. सरळ सांगितलेलं काम सरळ करणं त्यांना कमीपणाचं वाटतं. "पहिले पडाचं, मंग धावाचं," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. पन्हाळीला तेच, माणसाच्या नशिबालाही तेच.

दुकानाच्या भिंतीवर त्यांनी पत्र्याच्या तीन नाल्या ठोकल्या आहेत. तिन्ही एकाच उंचीवरून निघून एकाच जागी पोचतात. एक सरळ, एक विहिरीत उडी घेतल्यासारखी, एक मधली, झोळ पडलेली. फळी उचलली की तिन्हींतून गोट्या सुटतात. बादली न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला आधी शर्यत बघावी लागते. गिऱ्हाईक सरळ नालीवर बोट ठेवतं, जिंकते मधली, आणि रज्जाकभाई असे फुलतात की गोटी जणू त्यांच्याच पोटची. फरक किती, तर पापणी लवण्याएवढा. त्यासाठी वर्षभर पत्रा वाकवला, तोवर गावाच्या बादल्या गळतच होत्या. सासूबाई त्यांना 'येडा बुढा' म्हणतात.

"पन्हाळ सीधी करून घे," म्हणून त्यांनी मला धाडलं. परक्यापुढे माझा आवाज फुटत नाही. खाली दुकानात हातोडी चाललेली, माझी हाक ऐकणार कोण? मी दुकानाशेजारचा जिना चढून त्यांच्या बायकोकडे, शमीमभाभींकडे गेले.

त्यांना लकवा झाल्यापासून त्या माडीवर पडून असतात. खाटेला लागून पत्र्याची एक नाली फरशीतून खाली गेली होती. झोळ पडलेली, मधलीसारखी. भाभींचा डावा हात गोट्यांच्या वाटीत होता. मला पाहून त्यांनी एक गोटी उचलून सोडली. खाली ताटली वाजली, हातोडी थांबली, आणि रज्जाकभाई धापा टाकत वर आले. भाभींनी नजरेनेच माझ्यासाठी चहा सांगितला.

"भाऊ, घंटी काऊन नाई लावली?" मी कसंबसं विचारलं.

"तिले बटन दाबता येत नाई, बाई. गोटी सोडता येते."

"पन पापणीयेवढ्या फरकासाठी..."

"एक डाव मले वर याले उशीर झाला होता," ते म्हणाले, आणि हातातली गोटी वाटीत परत ठेवली.

चहा पिऊन मी घरी आले. सासूबाईंना म्हटलं, पन्हाळ राहू द्या, आपण पिंपच पुढे सरकवू.