कळा कोणाच्या, कौल कोणाचा

बाळंतपणाच्या कळा एकीला येतात आणि मतं सगळ्यांना येतात, हा निसर्गनियमच आहे; त्यात कोणाला दोष देता येत नाही.

मसुऱ्याच्या महादूची मुलगी अनुजा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली, तेव्हा तिच्या फायलीत एक जादा कागद होता. तिचं रक्त लवकर गोठत नाही, असा जन्मजात विकार. इस्पितळातल्या भूलतज्ज्ञ डॉक्टर जॅनेट यांनी सगळं नीट समजावलं. कळा कमी करायला पाठीत सुई घालून औषध देतात. पण अशा बाईच्या पाठीत आत रक्त साकळलं तर पायांच्या नसा दाबल्या जाण्याचा धोका. रक्ताची तपासणी बरी आली तर ते देता येईल, नाहीतर शिरेतून औषध आहे, हुंगायचा वायू आहे.

"गुरुवारी या. तोवर काय हवं ते ठरवून ठेवा," डॉक्टर अनुजाकडे बघून म्हणाल्या. महादू शेजारी बसला होता, म्हणून ते आपल्यालाच म्हटलं असं त्याने धरलं.

सुगंधा, त्याची बायको, गेल्या वर्षी गेली. घरात विचारायला बाईमाणूस नाही, म्हणून महादूने बैठक बोलावली. (बाईमाणूस नाही, हे त्याने अनुजालाच सांगितलं.)

उपस्थिती: महादू धरून भावकीतले सात, शेजारचे चार, जावई सिद्धेश (सासुरवाडीत असल्यामुळे तटस्थ) आणि निवृत्त ग्रामसेवक गणपत, कारण इतिवृत्त दुसऱ्या कोणाला लिहिता येत नाही. एकूण तेरा, पैकी बाळंत झालेल्या दोन. अनुजाही हजर होती, पण चहाच्या ट्रेसह. त्यामुळे तिची नोंद सभासदांत नसून व्यवस्थेत आहे.

"रक्त गोठत नाही" याचा अर्थ बहुमताने "रक्त पातळ" असा लावण्यात आला. पातळ म्हणजे अशक्त; सबब रोज नाचणीची पेज आणि खजूर. लिंबाने दूध फाटतं तर रक्त का गोठू नये, हा प्रश्न अभ्यासासाठी राखून ठेवला.

मग भावकीतली सीताकाकी बोलली, "आमच्या वेळेक खंयची इंजेक्शना? सुगंधान तर हूं म्हणान केल्यान नाय!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. महादूनेही. दाढ काढली तेव्हा सुगंधाच्या रक्ताने चार टॉवेल भिजले होते, अनुजाच्या वेळी ती बारा दिवस उठली नव्हती. पण हूं केलं नाही, हे खरं. त्या दुखण्याचं नाव घरात यायला तीस वर्षं लागली, तेही लेकीच्या फायलीतून. सरकारी मानाने ही दिरंगाई नव्हे.

मतदानात सहा विरुद्ध सहा झाले, एक तटस्थ. नियमाप्रमाणे प्रकरण ग्रामदेवाकडे गेलं. गुरवाने देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर सुई, डावी पडली तर सोसायचं.

"बा देवा महाराजा, लेकराक सुई देवची काय नाय, ता सांग!"

"व्हय महाराजा!" सभासदांनी साथ दिली.

पाऊण तास एकही पाकळी पडली नाही. "देवाने मत देण्याचे टाळले," गणपतने लिहून घेतलं. अनुभव नाही म्हणून गप्प बसलेला या प्रकरणातला देव एकटाच.

गुरवाने पाकळ्या काढल्या. "महादू, प्रश्न चुकीच्या दारात इलो हा."

महादू घरी आला. अनुजा आईच्या जुन्या लुगड्याची दुपटी करत बसली होती. त्याने लुगड्याचं दुसरं टोक धरलं.

"गो, तुका काय व्हया?"

एवढेसे चार शब्द. बत्तीस वर्षांच्या संसारात त्याला ते एकदाही लागले नव्हते.

"माका कमी दुखाक व्हया, बाबा. पाठीतला जमला तर ता, नाय तर शिरेतला. पयल्याच दिसा ठरवलंय."

"मगे सांगलंस नाय कित्याक?"

"मिया बोलत बसलंय असतंय, तर तुमका चाय कोणी दिली असती?"

गुरुवारी डॉक्टर जॅनेट यांनी अनुजाचं उत्तर फायलीत एका ओळीत लिहिलं. इतिवृत्त अकरा पानांचं झालं आहे. ते गणपतकडे बघायला मिळेल.

इथवर वाचताना सुई घ्यावी की सोसावं, हे तुम्हीही मनात ठरवलं असेलच. तुमची नोंद चौदावे सभासद म्हणून केली आहे. बसा. अनुजा चहा आणते आहे.