‘योग्य’ला लागलेला च

त्या बँकेच्या शाखेत साहेब बोलले की बाकीच्यांनी “योग्यच” म्हणायचं, हा काही लेखी नियम नव्हता. लेखी नियम पाळतं कोण? नुसतं “योग्य” म्हणणं म्हणजे मतभेद समजला जाई. साहेबांची री ओढायला सगळेच तयार, पण उपव्यवस्थापकांचा ‘च’ असा खणखणीत, की त्या एका अक्षरावर त्यांनी खिडकीजवळची खुर्ची मिळवली होती.

अशा या सुसंस्कृत ठिकाणी वरच्या हुकमाने कृत्रिम बुद्धिमत्तेचं यंत्र आलं. कर्ज द्यावं की नाही, ते यंत्र सांगणार होतं. साहेबांनी शुभारंभाला आपल्या मेहुण्याचा अर्ज घातला. पडद्यावर उमटलं, “देऊ नये.”

सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं.

“हुशार आहे,” साहेब म्हणाले, “पण वळण नाही. उपव्यवस्थापक, याला जरा आपली कार्यसंस्कृती शिकवा. जमलं तर यंदा तुमची बढती.”

“योग्यच, साहेब.”

घरी बायको म्हणाली, “अहो, त्याला सगळं शिकवून ठेवाल, मग तुम्ही काय कराल?”

“तुला काय कळतंय बँकेतलं?” नाही म्हणायची त्यांची सगळी हौस घरीच भागे.

आजवरच्या बैठकांची सगळी इतिवृत्तं त्यांनी यंत्राला पाजली. यंत्र गुणाचं. आधी “पुन्हा विचार करू” म्हणालं, मग “योग्य”, आणि एका सकाळी साहेबांचं वाक्य पुरं व्हायच्या आत “योग्यच”. मेहुण्याचं कर्ज मंजूर झालं. टाळ्या पडल्या, सर्वांत मोठी उपव्यवस्थापकांची.

साहेब मायेने म्हणाले, “आता उपव्यवस्थापकांची जागा ठेवायची गरज उरली नाही, असं मला वाटतं.”

“योग्यच,” यंत्र म्हणालं.

“योग्यच,” शाखा म्हणाली.

सगळ्यांच्या नजरा उपव्यवस्थापकांकडे वळल्या. नोकरी डोळ्यांदेखत चालली होती. पोटातून ‘नाही’ निघालं, छातीपर्यंत आलं, पण घशात जुनी सवय आडवी पडली.

“साहेब म्हणतात ते… योग्य,” ते म्हणाले. ‘च’ त्यांनी गिळला. जन्मातलं पहिलं बंड.

साहेबांनी हळहळून मान हलवली. “बघा. शेवटी माणूस. चुकायचाच.”

हा किस्सा शेजारच्या शाखेत सांगितला, तेव्हा सगळे पोट धरून हसले. अर्थात आधी तिथले साहेब हसले, मग. तुम्हालाही हसू येत असेल तर खुशाल हसा. फक्त आधी एकदा आपल्या साहेबांच्या तोंडाकडे बघून घ्या.