गाडीमागचे दोन साप

"बाबा, दिवा! दिवा बघा!"

"कुठला दिवा?"

"हा काय, लुकलुकतोय!"

सव्वानऊ वाजले होते. लेकीची लायसन्सची परीक्षा साडेदहाला. तिने गाडी पार्किंगच्या गुळगुळीत फरशीवरून जेमतेम हातभर पुढे घेतली, तोच समोरच्या तबकडीतला पिवळा दिवा डोळे मिचकावू लागला. इशाऱ्याचा दिवा लागलेली गाडी परीक्षेला घेत नाहीत, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. याआधी ती दोनदा नापास झालेली. पहिल्या वेळी निघतानाच असा हिसका बसला, की परीक्षकांचा चष्मा उडाला. दुसऱ्या वेळी त्यांनी चष्मा आधीच खिशात ठेवला, तर पेन उडालं. आज जमलं तर फिरत्या वाचनालयाची गाडी चालवायची नोकरी तिची. नाही तर उद्यापासून दुसऱ्या कुणाची. पुस्तकं भरलेली ती गाडी गेला महिनाभर लेकीच्या स्वप्नात हॉर्न वाजवत होती.

आई खिडकीतून डोकावली. "अगंबाई, चित्र तर बघा! गाडीमागे दोन साप लागलेत."

"साप नाहीत ताई, घसरणीच्या खुणा आहेत," मामा म्हणाला. "ट्रॅक्शन कंट्रोल, चाक घसरू नये म्हणून असतो. हे बटण दाब."

लेकीने बटण दाबलं. लुकलुकणारा दिवा गेला आणि त्याच्या जागी 'बंद' सांगणारा दुसरा दिवा ठाण मांडून बसला.

"मामा!"

"थांब गं, आता बॅटरीच काढतो. सगळं विसरेल ती."

मामाने बॅटरी काढली, फुंकर घातली, पुन्हा जोडली. गाडी खरंच सगळं विसरली, 'बंद'चा दिवासुद्धा. डॅशबोर्डच्या घड्याळात बारा वाजले.

"बारा?" आईने कपाळाला हात लावला. "गेली परीक्षा!"

"अगं, ते गाडीचं घड्याळ आहे!" बाबा ओरडले. "चला, गॅरेज!"

गॅरेज गल्लीच्या टोकाशी. गॅरेजवाली बाई निळ्या डगल्यात, हाताला काळं, डोळ्यांत हसू. तिने यंत्र जोडलं, पडदा वाचला, वायर काढली.

"गाडी ठणठणीत आहे, काका."

"मग गाडी हलली की तो पिवळा दिवा का मिचमिचतो?"

"कंट्रोल बिघडला असता तर दिवा एकसारखा जळत राहिला असता. मिचमिचतो म्हणजे कंट्रोल काम करतोय. चाक घसरलं की तो आवरतो."

"कोरड्या फरशीवर घसरेल कशाला?" मामाने विचारलं.

बाईने टायरवरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. "अय्या! हा तर नव्या कपाटाचा वास!"

सगळ्यांच्या माना बाबांकडे वळल्या. बाबांचा धंदा लाकडाला पॉलिश करायचा. त्यांच्या हातून गेलेल्या टेबलाची खालची बाजूसुद्धा आरशासारखी. कुणी बघो न बघो.

"काल टायरना मेण लावलं," बाबा पुटपुटले. "लेकीची गाडी उठून दिसावी म्हणून. तीन हात."

"अहो, बाजूला लावायचं! रस्त्याला टेकतो तिथे कुणी लावतं?"

"अर्धवट कसं सोडू? जॅक लावून एकेक चाक फिरवत, खाचाखाचांत ब्रश घातलाय!"

"बाबा!" लेकीला रडू येत होतं आणि हसूही.

मग गरम पाणी आलं, साबण आला, चौघांनी चार चाकं धरली. आई घासता घासता ओवीच्या चालीत नवऱ्याचा उद्धार करत होती. दहा वाजून पाच मिनिटांनी गॅरेजवालीने सगळ्यांना उठवलं.

"उरलेलं रस्ता घासेल," ती लेकीला म्हणाली. "पण तोवर पाय हलका ठेव. झोपलेल्या बाळाला पाळण्यातून उचलतात ना, तशी गाडी उचल. जोर केलास की दिवा ओरडणार."

वीस मिनिटांचा रस्ता. दर सिग्नलला चौघांच्या नजरा तबकडीवर. पहिल्या सिग्नलला दिवा चारदा लुकलुकला, दुसऱ्याला दोनदा, तिसऱ्याला एकदा. पाचव्या सिग्नलला तो गप्प राहिला, तेव्हा मागच्या सीटवर मामाने आईला चक्क टाळी दिली.

साडेदहाला परीक्षक आले. त्यांनी लेकीला ओळखलं. चष्मा खिशात घातला, पेन घट्ट धरलं, दुसऱ्या हाताने दारावरची दांडी पकडली आणि डोळे मिटले.

"निघा."

बराच वेळ काहीच झालं नाही. डोळे मिटलेलेच ठेवून ते वैतागले, "अहो, निघा म्हटलं ना!"

"साहेब," लेक हळूच म्हणाली, "आपण दुसऱ्या वळणावर आहोत."

अर्ध्या तासाने लेक कागद नाचवत बाहेर आली. आई रडली, मामा नाचला. बाबांच्या अंगात तर वारं भरलं. "चला! आज गाडी मी चालवणार!" म्हणत ते स्टिअरिंगवर बसले आणि आनंदाच्या भरात त्यांनी असा पाय दाबला, की मामाचं डोकं मागे सीटवर आपटलं आणि दिव्याने आकांत मांडला.

गाडी थांबताच लेक शांतपणे उतरली आणि तिने बाबांच्या बाजूचं दार उघडलं.

"बाबा, उतरा."

"का गं?"

"आईशेजारी मागे बसा. आणि पट्टा लावा."