इंगळे सिस्टरच्या लाल टिकल्या

अकोल्याच्या जुन्या शहरात आम्ही भाड्यानं राहायला आलो, त्याच दिवशी शेजारच्या इंगळे सिस्टर दारात उभ्या राहिल्या. नाव नाही, गाव नाही, एकदम प्रश्न.

"दाढी करताना कापलं तं रक्त लवकर थांबते का तुमचं?"

"थांबतं की."

"आन मामाचं?"

"मामाचं मला काय माहीत?"

"इचारून ठेवा," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

सिस्टर सरकारी नोकरीतून रिटायर झालेल्या. लग्न केलं नव्हतं. चहासुद्धा घरभर फेऱ्या मारत प्यायच्या. भिंतीवर अकोला आणि अमरावती जिल्ह्यांचा नकाशा, आणि नकाशावर टिकल्या. कपाळाला लावायच्या, पाकिटातल्या. स्वतःच्या कपाळाला एकही नाही. हिमोफिलियाचा पेशंट सापडला की त्या गावावर लाल टिकली. त्याचं इंजेक्शन जिथं मिळतं, तिथं हिरवी.

"या रोगात रक्त लवकर गोठतच नाई," त्या सांगायच्या. "आईकडून येते, भोगते पोरगं. आता पाहा, लाल कुठं आन हिरवी कुठं! किती लोक हायेत हेच कोणाले धड ठाऊक नाई. मंग इंजेक्शन न्यावं कुठं?"

म्हणून बाई विचारत सुटायच्या. बँकेच्या रांगेत, एसटीत, पंगतीत. एका लग्नात त्यांनी वरमाईलाच गाठलं, "तुमच्या भावाचे गुडघे सुजते का?" वरमाय उखडली, "बाप्पा! जेवू तं द्या लोकायले!" सिस्टरनी शांतपणे वहीत लिहिलं: माहिती देण्यास नकार.

मागच्या हिवाळ्यात मी मेहुण्याकडे अंजनगाव सुर्जीला निघालो, तर सिस्टरही पिशवी घेऊन तयार. "तिथं एकबी टिकली नाई. मले शंका येऊन राहिली."

बाजारात दिगंबर नावाचा शिंपी दिसला. चाळिशीचा माणूस, एक पाय लांब करून मशीनवर बसलेला. गुडघा नारळाएवढा. सिस्टर थेट दुकानात शिरल्या.

"काहून सुजला?"

"वात हाये बाई, लहानपणापासून. आज दुपारी एक जण येनार हाये, सुई टाकून पानी काढून देतो म्हन्ते."

"दात काढला होता का कधी?"

दिगंबर हसला. "काढला होता ना. आठ दिवस रक्त थांबलं नाई. माहा मामा तं त्याच्यातच गेला."

सिस्टरनी त्याच्या हातातली कात्री काढून घेतली. "ते पानी नोय, रक्त हाये. सुई टाकू देशीन तं थांबनार नाई. उठ."

"अवं, दुकान..."

शटर त्यांनीच ओढलं. मेहुण्याकडचं जेवण राहिलं बाजूला. मी दिगंबरला खांदा देत अमरावतीच्या गाडीत चढलो. तिथं तपासणी झाली, हिमोफिलियाच निघाला. इंजेक्शन सुरू झालं, सूज उतरली. दिगंबर आता कामाला लागलाय.

अंजनगाववर लाल टिकली चिकटवली त्या संध्याकाळी मी म्हणालो, "सिस्टर, जीव वाचवला तुम्ही त्याचा."

त्यांनी टिकली अंगठ्यानं पक्की दाबली.

"माहा भाऊ अकरा वर्षांचा होता. झाडावरून पडला. आतल्या आत रक्त गेलं, कोणाले समजलं नाई. पुढं नर्सिंग शिकली तवा समजलं, हे आईकडून येते, माह्याबी रक्तात असू शकते म्हनून. मंग मी लग्नाले नाईच म्हटलं. मोर्शीकडचे एक मास्तर होते. चार वर्षं थांबले ते माह्यासाठी."

"आणि?"

"पन्नाशीनंतर तपासून घेतलं, असंच. माह्या रक्तात नव्हतंच ते."

मी विचारलं, "मास्तरांना कळवलं?"

"कायले? एकदा तिकडच्या गावात पेशंट पाहाले गेली होती. मास्तरच्या आंगनात नातवंडं खेळत होते. एक पोट्टी पडली, ढोपर फुटलं तिचं. मी रस्त्यावर उभीच राहिली. रक्त थांबलं, पोट्टी पळाली."

टिकल्यांचं पाकीट त्यांनी नीट घडी करून ठेवलं.

"मंग मी बी निघाली."